चावी बदलायची भीती

१५ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातल्या संगणक-सुरक्षा कक्षात एक इशारा वाजला. हा इशारा तिथल्या कर्मचाऱ्यांनी स्वतः रचलेला होता आणि त्याला त्यांनी नाव दिलं होतं ‘बिग यलो टॅक्सी’. खात्याने जादा पैसे मोजून मायक्रोसॉफ्टचं वरच्या दर्जाचं लायसन्स घेतलं होतं, म्हणून कोणाचे मेल कधी उघडले गेले याच्या बारीक नोंदी त्यांना मिळत होत्या. साध्या लायसन्सवर त्या मिळाल्या नसत्या आणि पुढचं काहीच उघडकीला आलं नसतं.

नोंदी सांगत होत्या की काही अधिकाऱ्यांचे मेल कोणी तिऱ्हाईत वाचतो आहे. कुलूप फोडल्याची खूण मात्र कुठेच नव्हती. वाचणाऱ्याकडे रीतसर सही-शिक्क्याचं प्रवेशपत्र होतं. मायक्रोसॉफ्टने तपास केला तेव्हा चीनशी संबंध असलेल्या एका हेरगटाचं नाव पुढे आलं, ‘स्टॉर्म-०५५८’. जगभरातल्या २२ संस्था आणि ५०० हून जास्त माणसांचे मेल या गटाने वाचले होते. त्यांत अमेरिकेच्या वाणिज्यमंत्री जिना रायमोंडो होत्या, चीनमधले अमेरिकी राजदूत निकोलस बर्न्स होते आणि खासदार डॉन बेकन होते. एकट्या परराष्ट्र खात्यातून सुमारे ६०,००० मेल उतरवून घेतले गेले.

हे कसं जमलं? आपण मेलमध्ये लॉग-इन करतो तेव्हा पासवर्ड एकदाच तपासला जातो. त्यानंतर सर्व्हर आपल्याला एक टोकन देतो आणि त्यावर स्वतःची डिजिटल सही करतो. पुढचे सगळे सर्व्हर पासवर्ड विचारत बसत नाहीत. ते सही पाहतात आणि आत सोडतात. ती सही ज्या गुप्त अंकमालिकेने होते तिला साइनिंग की म्हणतात. ही चावी हाती लागलेल्याला कोणाचाही पासवर्ड नको. तो हवं त्या नावाचं टोकन स्वतःच बनवतो आणि स्वतःच त्यावर सही करतो. हेरांच्या हाती अशीच एक चावी लागली होती. ती घरगुती खात्यांसाठीची होती, पण तपासणीच्या कोडमधल्या एका चुकीमुळे सरकारी आणि कंपन्यांच्या मेललाही चालून गेली. ती चोरीला नेमकी कशी गेली हे मायक्रोसॉफ्टला अखेरपर्यंत सांगता आलं नाही.

मला जास्त रस आहे तो त्या चावीच्या वयात. ती २०१६ साली तयार झाली होती आणि मार्च २०२१ मध्ये निवृत्त व्हायची होती. २०२३ च्या उन्हाळ्यातही ती चालत होती.

अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा पुनरावलोकन मंडळाने एप्रिल २०२४ मध्ये या प्रकरणाचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात या दिरंगाईचं कारण आहे. घरगुती खात्यांच्या चाव्या मायक्रोसॉफ्टमध्ये माणसं हाताने बदलत असत. २०२१ मध्ये अशाच एका अदलाबदलीमुळे क्लाउड सेवेत मोठा बिघाड झाला, आणि त्यानंतर कंपनीने त्या चाव्या बदलणंच थांबवलं. हे काम यंत्राकडे सोपवायचं असं ठरलं होतं, पण ते यंत्र उभं राहिलं नव्हतं. एखादी चावी फार जुनी झाली आहे, असं कोणाला कळवणारी घंटाही नव्हती.

अहवालात आणखी बरीच खरडपट्टी आहे. मला मात्र हा तपशील सगळ्यांत ओळखीचा वाटतो. सर्व्हर सांभाळणाऱ्या कुठल्याही टीममध्ये एक तरी पासवर्ड असा असतो की ज्याला कोणी हात लावत नाही. तो कधीचा आहे, कोणी ठेवला, कुठेकुठे वापरला जातो हे कोणी सांगू शकत नाही. चालतंय ना, मग राहू दे. मागे एकदा बदलायला गेलो होतो तेव्हा सगळं बंद पडलं होतं, अशी दंतकथा नव्या माणसाला पहिल्या आठवड्यातच ऐकवली जाते.

या पासवर्डांना धंद्यात सीक्रेट म्हणतात. हे माणसांचे नसतात, प्रोग्रॅमचे असतात. आपण फोनवरून विजेचं बिल भरतो तेव्हा पडद्यामागे दहा-बारा प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात. बिलाचा प्रोग्रॅम डेटाबेसला विचारतो, डेटाबेस साठवणुकीला, पेमेंटचा प्रोग्रॅम बँकेला, एसएमएसचा प्रोग्रॅम टेलिकॉम कंपनीला. दर ठिकाणी ‘तू कोण?’ हा प्रश्न येतो आणि उत्तरादाखल कुठलं तरी सीक्रेट दाखवावं लागतं: डेटाबेसचा पासवर्ड, एपीआय की, टोकन, सर्टिफिकेट. मध्यम आकाराच्या कंपनीतही अशी सीक्रेट्स हजारांनी असतात. ती राहतात कुठे? राहायला हवीत कडेकोट तिजोरीत. प्रत्यक्षात ती कॉन्फिग फाइलमध्ये असतात, कोडमध्येच लिहून टाकलेली असतात, कोणाच्या तरी लॅपटॉपवरच्या नोंदवहीत किंवा ऑफिसच्या चॅटमध्ये ‘हा घे पासवर्ड’ म्हणून पडून असतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. दर नव्वद दिवसांनी पासवर्ड बदला, असा ऑफिसचा हुकूम अनेकांनी सोसला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने, म्हणजे एनआयएसटीने, २००३ साली जी मार्गदर्शिका काढली तिच्यामुळे ही प्रथा घट्ट झाली. २०१७ मध्ये त्याच संस्थेने ती सूचना मागे घेतली, आणि मूळ मार्गदर्शिका लिहिणाऱ्या बिल बर यांनीही तेव्हा जाहीरपणे खंत व्यक्त केली. कारण सरळ आहे. माणसाला पासवर्ड बदलायला लावला की तो ‘पुणे@१’ चं ‘पुणे@२’ करतो, आणि तिसऱ्या वेळी कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवतो.

यंत्राला हा कंटाळा नसतो. चाळीस अक्षरांची अर्थहीन मालिका त्याला रोज नवी दिली तरी त्याची काही तक्रार नसते. शिवाय माणसाच्या खात्याला दुसरं कुंपण असतं. फोनवर ओटीपी येतो, रात्री दोन वाजता भलत्या देशातून लॉग-इन झालं तर बँक फोन करते. प्रोग्रॅम रात्री दोन वाजताच कामाला लागतो आणि त्याला ओटीपी विचारणारं कोणी नसतं. त्याच्या हातातलं सीक्रेट चोराकडे गेलं तर चोर आणि प्रोग्रॅम यांत फरक करणं जवळपास अशक्य. म्हणून माणसांचे पासवर्ड ऊठसूट बदलू नयेत आणि यंत्रांचे बदलत राहावेत, हे दोन्ही सल्ले एकाच वेळी बरोबर आहेत.

चावी बदलता यावी ही अपेक्षा तशी नवी नाही. ऑगस्ट केर्कहोफ्स या डच भाषातज्ज्ञाने १८८३ मध्ये पॅरिसच्या एका लष्करी नियतकालिकात सांकेतिक लिपीसाठी सहा अटी मांडल्या. त्यातली दुसरी अट आजही प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते: यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी चालेल, अशी ती हवी. तिसरी अट कमी उद्धृत होते. तिच्यात तो म्हणतो की चावी दोघा पत्रव्यवहार करणाऱ्यांना मनात येईल तेव्हा बदलता आली पाहिजे. तारायंत्राच्या काळात पत्रव्यवहार करणारे दोघेच होते, त्यामुळे हे शक्य होतं. आपल्याकडे एका चावीवर चाळीस प्रोग्रॅम लटकलेले असतात.

चावी बदलली नाही तर काय होतं, यासाठी उबर कंपनीचं उदाहरण नेहमी दिलं जातं, आणि ते द्यायलाच हवं, कारण तिथे हे दोनदा घडलं. २०१४ मध्ये उबरच्या एका इंजिनिअरने गिटहब या कोड साठवायच्या संकेतस्थळावर एक तुकडा सार्वजनिक केला आणि त्यात ॲमेझॉनच्या क्लाउडची चावी तशीच राहून गेली. ती साधी चावी नव्हती. तिने सगळी दारं उघडत होती, आणि कंपनीतले प्रोग्रॅम व इंजिनिअर ती एकच चावी सामायिक वापरत होते. एक लाखाहून जास्त ड्रायव्हरांची माहिती बाहेर गेली. दोन वर्षांनी, २०१६ मध्ये, चोरांनी इतरत्र फुटलेले पासवर्ड वापरून उबरच्या खासगी कोडमध्ये शिरकाव केला आणि तिथे पुन्हा ॲमेझॉनची चावी साध्या अक्षरांत लिहिलेली सापडली. या वेळी ५ कोटी ७० लाख प्रवासी आणि ड्रायव्हरांची माहिती गेली. कंपनीने चोरांना १ लाख डॉलर देऊन प्रकरण दाबलं आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये ते फुटलं. राज्य सरकारांशी तडजोड करताना १४ कोटी ८० लाख डॉलर मोजावे लागले, आणि तेव्हाच्या सुरक्षाप्रमुखाला न्यायालयाने दोषी ठरवलं.

उबर मोठी म्हणून गाजली. नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये गिटहबवरचा सार्वजनिक कोड चाळला तेव्हा एक लाखाहून अधिक रिपॉझिटरींमध्ये उघडी सीक्रेट्स सापडली. त्यांनी काही दिवस पाळतही ठेवली. सोळा दिवसांनंतर जवळपास पाचातली चार सीक्रेट्स जागच्या जागी होती. ज्यांनी काढली त्यांनी तरी काय केलं? बहुतेकांनी ती ओळ पुसली. गिटमध्ये पुसलेली ओळ इतिहासात राहते, कोणीही मागे जाऊन वाचू शकतं. बाहेर पडलेलं सीक्रेट परत आत येत नाही. ते निकामी करून नवं काढणं एवढाच इलाज असतो.

मग लोक तो इलाज का करत नाहीत? आळस हे उत्तर अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं समजण्यासाठी जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. दिंडीदरवाज्याच्या कुलपाच्या चाव्या बिऱ्हाडकरूंकडे आहेत, दूधवाल्याकडे आहे, कोणाच्या तरी सुनेच्या माहेरीही एक आहे. मालकाला कुलूप बदलायला पाच मिनिटं पुरतात. पण पहाटे दूधवाला बाहेर उभा राहील तेव्हा कळेल की त्याच्याकडेही चावी होती. सॉफ्टवेअरमध्ये हा दूधवाला म्हणजे महिन्याच्या एक तारखेला चालणारी पगाराच्या अहवालाची स्क्रिप्ट. ती लिहिणारा कंपनी सोडून गेला. पासवर्ड बदलला पंधरा तारखेला, स्क्रिप्ट पडली एक तारखेला, आणि या दोहोंचा संबंध जोडायला अख्खा दिवस गेला.

याहून चकवणारा प्रकार म्हणजे कनेक्शन पूल. प्रोग्रॅम डेटाबेसशी दर वेळी नव्याने जोडणी करत नाही. सकाळी दहा-वीस जोडण्या उघडून ठेवतो आणि त्याच वापरत राहतो. पासवर्ड बदलला तरी उघड्या जोडण्या तुटत नाहीत, त्यामुळे सगळं सुरळीत दिसतं. बदल करणारा निश्चिंत होऊन घरी जातो. तीन आठवड्यांनी कोणीतरी वेगळ्याच कारणासाठी सर्व्हर रीस्टार्ट करतो, तो जुन्या पासवर्डने दार ठोठावतो आणि दार उघडत नाही. ज्याने रीस्टार्ट केला तो बिचारा उगाच शिव्या खातो.

यावरची युक्ती म्हणजे काही काळ जुनी आणि नवी अशा दोन्ही चाव्या चालू ठेवायच्या. ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये एका वापरकर्त्याला एका वेळी जास्तीत जास्त दोन ॲक्सेस की ठेवता येतात, तीन नाहीत. जुनी चालू असताना नवी काढायची, सगळ्यांना नवी द्यायची, जुनी कोणी वापरत नाही ना ते लॉगमध्ये पाहायचं, मग जुनी आधी बंद करायची आणि काही दिवसांनी पुसायची. बंद करणं आणि पुसणं यांत फरक ठेवला आहे, कारण विसरलेला दूधवाला आला तर बंद केलेली चावी क्षणात पुन्हा चालू करता येते.

हेच काम माणसाऐवजी यंत्राने करावं म्हणून साधनं आली. हॅशिकॉर्प कंपनीने २०१५ मध्ये ‘व्हॉल्ट’ काढलं, ॲमेझॉनने एप्रिल २०१८ मध्ये ‘सीक्रेट्स मॅनेजर’ आणलं. ॲमेझॉनच्या साधनात अदलाबदल चार पायऱ्यांनी होते. पहिल्या पायरीवर नवा पासवर्ड तयार होतो आणि तिजोरीत ‘प्रलंबित’ अशी चिठ्ठी लावून ठेवला जातो. दुसऱ्यावर तो डेटाबेसला सांगितला जातो. तिसऱ्यावर यंत्र त्या नव्या पासवर्डने स्वतः डेटाबेसमध्ये शिरून पाहतं. शिरता आलं तरच चौथ्या पायरीवर ‘चालू’ ही चिठ्ठी नव्यावर सरकते आणि जुन्यावर ‘मागचा’ अशी चिठ्ठी लागते. प्रोग्रॅमने पासवर्ड स्वतःजवळ ठेवायचा नाही, लागेल तेव्हा ‘चालू कोणता?’ असं तिजोरीला विचारायचं.

या चारांत तिसरी पायरी मला सगळ्यांत मोलाची वाटते. हाताने बदलणारा माणूस घाईत असतो, बहुधा मध्यरात्री, आणि नवा पासवर्ड चालतो का हे तो पाहत नाही, तो चालेल असं गृहीत धरतो. एक फट मात्र इथेही राहते. दुसऱ्या पायरीवर डेटाबेसने नवा पासवर्ड स्वीकारला की जुना तत्क्षणी मरतो, आणि चौथी पायरी होईपर्यंत तिजोरी जुनाच सांगत असते. मामला काही सेकंदांचा असतो, पण गर्दीच्या वेळी तेवढेही पुरतात. म्हणून जिथे खंड चालतच नाही तिथे डेटाबेसमध्ये सारख्याच अधिकारांचे दोन वापरकर्ते ठेवतात. या खेपेला एकाचा पासवर्ड बदलायचा, पुढच्या खेपेला दुसऱ्याचा. जो सध्या कामावर आहे त्याला हात लावायचा नाही.

यंत्रं चुकत नाहीत असं मात्र नाही. १५ मार्च २०२१ रोजी मायक्रोसॉफ्टची लॉग-इन सेवा जगभर कोलमडली आणि टीम्ससकट अनेक सेवा काही तास बंद पडल्या. वापरात नसलेल्या चाव्या वेळापत्रकानुसार काढून टाकणारी एक स्वयंचलित यंत्रणा तिथे होती. एका चावीवर ‘ही अजून ठेवा’ अशी खूण केलेली होती, कारण एक गुंतागुंतीचं स्थलांतर चालू होतं. यंत्रणेतल्या दोषामुळे ती खूण वाचलीच गेली नाही आणि चावी काढली गेली. चावी गेली की तिने केलेल्या सगळ्या सह्या खोट्या ठरतात.

तरी मी यंत्राच्याच बाजूने आहे. यंत्राची चूक एकदा दुरुस्त केली की दुरुस्तच राहते, आणि जे दर महिन्याला होतं त्याची भीती उरत नाही. वर्षातून एकदा होणारी अदलाबदल हा समारंभ असतो. त्यासाठी बैठका होतात, रविवारची पहाट ठरते, परवानग्या गोळा होतात. दर रात्री आपोआप होणारी अदलाबदल कोणाच्या लक्षातही येत नाही. शिवाय यंत्राला काम सोपवायचं म्हणजे चावी कोणकोण वापरतं याची यादी आधी करावी लागते, आणि माझ्या मते खरा फायदा या यादीत आहे. ती नसली की काय होतं याचा धडा क्लाउडफ्लेअरने दिला.

क्लाउडफ्लेअर ही इंटरनेटवरच्या असंख्य संकेतस्थळांचं संरक्षण करणारी कंपनी. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला लॉग-इन सेवा पुरवणाऱ्या ओक्टा या कंपनीत चोरी झाली आणि त्यात क्लाउडफ्लेअरचीही सीक्रेट्स गेली. कंपनीने तातडीने ती बदलायला घेतली. फुटलेली होती हजारांनी. त्यातली चार राहिली: एक टोकन आणि तीन सर्व्हिस खाती. विसरली म्हणण्यापेक्षा ही चार वापरात नाहीत असा समज होता, म्हणून सोडली. १४ नोव्हेंबरपासून चोर त्या चार चाव्यांनी आत वावरत होता. त्याने कंपनीचं अंतर्गत विकी वाचलं, दोषांच्या नोंदी धुंडाळल्या, कोडच्या साठ्यापर्यंत मजल मारली. २३ नोव्हेंबरला, अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या दिवशी, तो सापडला आणि दुसऱ्या दिवशी त्याला बाहेर काढलं.

पुढे कंपनीने जे केलं त्याची तऱ्हाच वेगळी. ५,००० हून जास्त सीक्रेट्स सरसकट बदलली. ब्राझीलच्या साओ पाउलोमध्ये नवं डेटा सेंटर उभं राहत होतं, तिथे शिरायचा चोराचा प्रयत्न फसला होता. तरीही तिथली यंत्रसामग्री उत्पादकांकडे तपासणीला पाठवली गेली. तिच्यात काही सापडलं नाही, आणि तरीदेखील ती बदलली. फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने स्वतःच हा सगळा वृत्तांत चार चाव्यांच्या कबुलीसकट छापला. असा मोकळेपणा या धंद्यात दुर्मीळ आहे.

त्याआधी, २०२३ च्या सुरुवातीला, शेकडो टीमना अशी यादी एका रात्रीत करावी लागली होती. सर्कलसीआय नावाची सेवा कंपन्यांचा कोड आपोआप तपासते आणि सर्व्हरवर चढवते. हे काम करायचं तर ग्राहकांनी आपल्या चाव्या तिच्या हवाली कराव्या लागतात. १६ डिसेंबर २०२२ रोजी तिथल्या एका इंजिनिअरच्या लॅपटॉपमध्ये मालवेअर शिरलं आणि त्याने लॉग-इन झालेलं सत्रच चोरलं, त्यामुळे ओटीपीचं कुंपण ओलांडायची गरजच पडली नाही. ग्राहकांची सीक्रेट्स कूटबद्ध होती, पण कूट उलगडायची चावीही चालू प्रोग्रॅममधून उचलली गेली. २९ डिसेंबरला एका ग्राहकाने संशय कळवला, आणि ४ जानेवारी २०२३ रोजी कंपनीने सगळ्या ग्राहकांना सांगितलं की आमच्याकडे ठेवलेली तुमची सगळी सीक्रेट्स बदला, ताबडतोब. ज्यांची अदलाबदल यंत्राकडे होती त्यांना कळ फिरवायची होती. इतरांनी स्प्रेडशीट उघडली.

या अनुभवांतून एक वेगळा विचार रुजला. चावी बदलत बसण्यापेक्षा मरणारी चावीच का देऊ नये? व्हॉल्टमध्ये प्रोग्रॅमने डेटाबेसची चावी मागितली की व्हॉल्ट त्या क्षणी डेटाबेसमध्ये एक नवा वापरकर्ता तयार करतं, त्याचा पासवर्ड प्रोग्रॅमला देतं आणि ठरलेली मुदत, समजा एक तास, संपली की तो वापरकर्ताच पुसून टाकतं. दोन प्रोग्रॅमना कधीही सारखी चावी मिळत नाही, त्यामुळे एखादी फुटली तर ती कोणाकडून फुटली हे लगेच कळतं. गिटहबवरून ॲमेझॉनच्या क्लाउडवर कोड चढवतानाही २०२१ पासून कायमची चावी ठेवावी लागत नाही. गिटहब त्या कामापुरती ओळख पटवून देतं आणि क्लाउड थोड्या वेळापुरता परवाना देतो.

थोड्या वेळाची चावीही चोरता येतेच. २०१९ मध्ये कॅपिटल वन बँकेच्या सर्व्हरला फसवून त्याच्याकडची तात्पुरतीच सीक्रेट्स काढून घेतली होती, आणि अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी लोकांची माहिती उतरवायला ती पुरेशी ठरली. चावीची मुदत जेवढा वेळ देते तेवढ्यात चोराला काय काय उघडता येईल, हा प्रश्न मुदतीइतकाच मोठा आहे.

आणि मग तिजोरीची चावी कुठे ठेवायची? व्हॉल्ट सुरू होतं तेव्हा ते बंद अवस्थेत असतं, स्वतःचाही मजकूर त्याला वाचता येत नाही. उघडण्याची मुख्य चावी पाच तुकड्यांत वाटलेली असते आणि कोणतेही तीन तुकडे एकत्र आले की ती जुळते. दोन तुकड्यांवरून काहीच कळत नाही, अंदाजही बांधता येत नाही. हे गणित इस्रायली गणिती आदी शमीर यांनी १९७९ मध्ये मांडलं. पाच जणांना पाच तुकडे द्यायचे आणि पाचही जण एकाच विमानात बसणार नाहीत याची काळजी घ्यायची. हल्ली बरेच जण हेही काम क्लाउडवर सोपवतात. तेव्हा प्रश्न एक पायरी वर सरकतो, सुटत नाही.

खुद्द हॅशिकॉर्पलाही चावी उघडी पडण्याचा अनुभव आला. कोडकव्ह या सेवेची एक स्क्रिप्ट ३१ जानेवारी २०२१ पासून कोणीतरी बदलून ठेवली होती आणि ती ग्राहकांच्या यंत्रांवरची सीक्रेट्स गुपचूप बाहेर पाठवत होती. एका ग्राहकाने स्क्रिप्टचा चेकसम ताडून पाहिला, तो जुळेना, म्हणून १ एप्रिलला हे उघड झालं. या सेवेच्या ग्राहकांत हॅशिकॉर्प होती. आपलं सॉफ्टवेअर अस्सल आहे अशी ग्वाही देणारी तिची सहीची चावी उघडी पडली आणि जगाला तिजोऱ्या विकणाऱ्या कंपनीला ती बदलावी लागली.

ज्या सीक्रेटची अदलाबदल आपण सगळे रोज अनुभवतो ते म्हणजे संकेतस्थळाचं सर्टिफिकेट, ब्राउझरमधल्या कुलपामागचा कागद. त्याला मुदत असते आणि ती विसरली की दार बंद होतं. ६ डिसेंबर २०१८ रोजी एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधलं एक सर्टिफिकेट संपलं आणि ब्रिटनमधल्या ओटू कंपनीच्या सव्वातीन कोटींच्या आसपास ग्राहकांचा मोबाइल डेटा दिवसभर गेला. ३ फेब्रुवारी २०२० रोजी मायक्रोसॉफ्ट टीम्स याच कारणाने बंद पडलं. लेट्स एन्क्रिप्ट ही फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था २०१५ मध्ये सुरू झाली तेव्हा तिने मुदत मुद्दाम ९० दिवसांची ठेवली. हाताने करण्याचा लोकांना वैताग यावा आणि त्यांनी हे काम यंत्राकडे द्यावं, हा हेतू संस्थेने लपवला नाही. लोकांनी कुरकुर केली आणि यंत्र बसवलं. ब्राउझर कंपन्या आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांच्या मंचाने एप्रिल २०२५ मध्ये त्याच वाटेने पुढचं पाऊल टाकलं: कमाल मुदत ३९८ दिवसांवरून मार्च २०२६ पासून २००, मार्च २०२७ पासून १०० आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवस. ४७ दिवसांचं सर्टिफिकेट कॅलेंडरवर खूण करून सांभाळणं कोणालाही जमणार नाही, आणि जमू नये असाच बेत आहे.

दुसऱ्या टोकाला इंटरनेटच्या नामव्यवस्थेची मूळ चावी आहे. पत्ता खरा की खोटा हे डीएनएसमध्ये ज्या सहीवरून ठरतं, त्या सह्यांच्या साखळीचं हे सगळ्यात वरचं टोक. तिचा गुप्त भाग अमेरिकेत दोन ठिकाणी कडेकोट बंदोबस्तात असतो, आणि उघडा भाग जगभरच्या सर्व्हरांमध्ये लिहिलेला असतो. कोणाकोणाकडे तो आहे याची यादी करणं कोणालाच शक्य नाही. २०१० मध्ये बनलेली ही चावी ११ ऑक्टोबर २०१७ रोजी बदलायची होती. ऐनवेळी मिळालेल्या आकड्यांवरून दिसलं की बऱ्याच सर्व्हरांपर्यंत नवी चावी पोचलेलीच नाही, म्हणून बदल वर्षभर पुढे ढकलला आणि ११ ऑक्टोबर २०१८ रोजी पार पाडला. मोठा गोंधळ झाला नाही, कारण बहुतेक सर्व्हरांमध्ये एक स्वयंचलित नियम होता: जुन्या चावीच्या सहीने एखादी नवी चावी सलग ३० दिवस दाखवली जात असेल तर तिच्यावर विश्वास ठेवायचा. पुढच्या बदलासाठी २०२४ मध्ये तयार केलेली चावी जानेवारी २०२५ पासून अशीच जगाला दाखवली जाऊ लागली, आणि प्रत्यक्ष बदलासाठी ११ ऑक्टोबर २०२६ ही तारीख ठरवण्यात आली. ज्या सर्व्हरांत हा नियम चालू आहे ते ती आपोआप उचलतात. ज्यांच्या कॉन्फिग फाइलमध्ये मूळ चावी कोणीतरी हाताने चिकटवून ठेवली आहे, तिथे ती हातानेच बदलावी लागते.